नोकरी बदलताना पगारातील करकपातीचा हिशोब

पगारपत्रक तयार करण्याचे काम मी पुण्यात गेली अठरा वर्षे करीत आहे आणि या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: 'या महिन्यात माझा इतका कर कसा कापला?' प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर त्या महिन्याच्या पगारचिठ्ठीत सापडत नाही. ठेकेदाराच्या बिलातून किंवा बँकेच्या व्याजातून कर कापताना दर ठरलेला असतो. पगाराला मात्र तसा ठरीव दर नाही. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १९२ नुसार नियोक्त्याने कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावर वर्षाचा कर काढायचा आणि तो सरासरी दराने प्रत्येक पगारातून कापायचा, अशी ही पद्धत आहे. अंदाज बदलला, म्हणजे दिवाळीचा बोनस मिळाला किंवा मध्येच पगारवाढ झाली, की उरलेल्या महिन्यांची कपातही बदलते, आणि आधी कमी-जास्त कापले गेले असल्यास ते त्याच वर्षात जुळवून घेण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे.

हा अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलणाऱ्यांच्या बाबतीत. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे रुजू झालेला एक अभियंता पुढच्या जुलैमध्ये दोन फॉर्म १६ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारे नियोक्त्याचे प्रमाणपत्र) घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवल्यावर दोष लगेच दिसला: प्रमाणित वजावट, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम, दोन्हींकडे पूर्ण दिलेली होती, करमुक्त टप्पाही दोन्हींकडे धरलेला होता, आणि प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी त्याला वर्षातून एकदाच मिळणार होत्या. आमचा कागद मीच तयार केला होता. त्याच्या आधीच्या पगाराची चौकशी मी केली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे दर घेऊन हेच उदाहरण मांडतो. समजा, एका कर्मचाऱ्याला एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत दरमहा १,१०,००० रुपये मिळाले आणि ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत १,४०,००० रुपये मिळू लागले. जुनी करप्रणाली (जास्त वजावटी) की नवीन (कमी दर, मोजक्या वजावटी), यांपैकी त्याने कोणतीही निवड कळवलेली नसल्यामुळे नवीन करप्रणाली आपोआप लागू झाली. पहिल्या कंपनीने बारा महिन्यांचा अंदाज १३,२०,००० रुपये धरला आणि ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट देऊन करपात्र उत्पन्न १२,४५,००० रुपये काढले. टप्प्यांनुसार त्यावर ६६,७५० रुपये कर येतो; परंतु बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न सवलतीमुळे करमुक्त असल्याने, ती मर्यादा किंचित ओलांडणाऱ्याचा कर हा ओलांडलेल्या रकमेपेक्षा जास्त होऊ नये, अशी सीमांत सवलत आहे. म्हणून कर ४५,००० रुपये, त्यावर ४ टक्के उपकर मिळवून ४६,८०० रुपये, म्हणजे दरमहा ३,९०० रुपये. सहा महिन्यांत २३,४०० रुपये कापले गेले. इथवर कोणाचेच काही चुकलेले नाही.

दुसऱ्या कंपनीला आधीच्या पगाराची माहिती नसेल, तर तिच्या हिशोबात वर्षाचे उत्पन्न ८,४०,००० रुपये, वजावटीनंतर ७,६५,००० रुपये आणि कर शून्य. सहाही महिने पगार पूर्ण हाती येतो आणि कर्मचारी निर्धास्त राहतो. खरे उत्पन्न मात्र १५,००,००० रुपये, वजावट एकदाच धरल्यावर १४,२५,००० रुपये. चार ते आठ लाखांच्या टप्प्यावर २०,०००, आठ ते बारा लाखांवर ४०,००० आणि पुढच्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०, असा ९३,७५० रुपये कर होतो. उपकरासह ९७,५०० रुपये. कापलेले २३,४०० वजा करता ७४,१०० रुपये विवरणपत्र भरताना एकरकमी भरावे लागतात. शिवाय कलम २३४बी खाली एप्रिलपासून महिन्याला एक टक्का व्याज, म्हणजे जुलैमध्ये भरल्यास २,९६४ रुपये, आणि अग्रिम कराचे, म्हणजे वर्ष चालू असतानाच भरायच्या कराचे, हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४सी चे व्याज वेगळे.

यावरचा उपाय म्हणजे १९६१ च्या अधिनियमाखालील फॉर्म १२बी. आधीच्या नियोक्त्याकडून मिळालेला पगार आणि तेथे कापला गेलेला कर यांचा तपशील त्यात भरून नव्या नियोक्त्याला देता येतो. कर्मचाऱ्यावर तशी सक्ती नाही. पण तपशील दिला की नव्या नियोक्त्याला तो हिशोबात घ्यावाच लागतो. वरच्या उदाहरणात ७४,१०० रुपये सहा महिन्यांत विभागून दरमहा १२,३५० रुपये कापले जातील. रक्कम डोळ्यांत भरते हे मान्य, परंतु ती पगारागणिक जाते आणि व्याजाचा एक रुपयाही पडत नाही.

व्यवसाय कराविषयीही विचारणा होते, म्हणून तेवढे सांगतो. महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात ते राज्य शासनाकडे जातात, आणि आयकरातून त्यांची वजावट केवळ जुन्या करप्रणालीतच मिळते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असून पगारावरील कपातीचे कलम आता ३९२ झाले आहे, तरी वर्षाचा अंदाज बांधून सरासरीने कापण्याची रीत तीच आहे. त्या अभियंत्याच्या प्रसंगानंतर मी रुजू होण्याच्या कागदपत्रांत, बँक खात्याच्या तपशिलाच्या लगेच मागे, आधीच्या पगाराच्या माहितीचे पान लावतो. एप्रिलखेरीज इतर कोणत्याही महिन्यात नवा माणूस रुजू झाला, की ते पान भरून माझ्या हाती आल्याशिवाय मी त्याच्या पहिल्या पगाराचा कर काढायला बसत नाही.