पंचेचाळीस की एक्केचाळीस

पाट्या रंगवणारे पॉलिश करत नाहीत आणि पॉलिशवाले अक्षर काढत नाहीत. मी पोटासाठी दोन्ही करतो, म्हणून गोव्यातल्या डिचोलीतलं ते धनुष्य शेवटी माझ्याकडे आलं. गिऱ्हाइकाचे, म्हणजे भाईंचे, वडील तारवटी, बोटीवरचे खलाशी, त्यांनी अमेरिकेतून आणलेलं. त्यावर छापलंय ‘बेअर आर्चरी, ग्रेलिंग, मिशिगन’. ग्रेलिंगचा कारखाना १९७८ मध्ये फ्लोरिडात गेला, म्हणजे माल त्याआधीचा.

छापील नाव शाबूत होतं. पण खालच्या पात्यावर कारखान्यातल्या कुणीतरी शाईने हाताने लिहिलेली लांबी आणि ताण (दोरी ओढायला लागणारा जोर), ६०" आणि ४५#, म्हणजे साठ इंच आणि पंचेचाळीस पौंड, वार्निशबरोबर अर्धी उडाली होती. आधी कुणीतरी पॉलिश पेपर मारलेला, पात्यांच्या कडासुद्धा सोडल्या नव्हत्या. कागद हातात आला की काहींना थांबता येत नाही. फ्लेक्सवाल्याने तर वरून स्टिकर चिकटवायचा सल्ला दिला होता म्हणे.

रिमूव्हर आणि हीटगन दोन्ही बाद. पात्यातलं लाकूड आणि फायबरग्लास इपॉक्सीने जोडलेलं असतं, ते सुटलं की संपलं. आधी तिरक्या उजेडात पट्टी ठेवून फोटो काढले, ट्रेसिंग पेपरवर उरलेलं उतरवलं आणि मग बारीक कागदाने हाताने घासलं.

खरं काम पुढे. गिरवलेलं अक्षर मेलेलं दिसतं, कारण हात हळू चालतो आणि रेघ थरथरते. मूळ माणसाने घाईत लिहिलं होतं: चारचं डोकं उघडं, पाचची आडवी रेघ शेवटी भिरकावलेली. माझा हात दुकानांच्या पाट्यांवर घोटलेला, तो सगळं सरळच करू पाहतो. म्हणून काचेवर टाकाने लिहीत बसलो, त्याचा वेग हातात येईपर्यंत. ड्रॉइंगची काळी शाई वापरली नाही. तिच्यात लाख असते, स्पिरिटचं पॉलिश लागलं की पसरते. सीलरच्या कोटवर अ‍ॅक्रिलिक शाई घेतली, म्हणजे चुकलं तर ओली असताना पुसता येतं. वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, पहिला हात नुसता धुक्यासारखा. मेलामाइन वाकलं की तडकतं आणि लॅकर आपल्या पावसात पांढुरकं पडतं.

अडलं ते आकड्यावर. काम घेतानाच मी धनुष्य वजनकाट्याला लावून ताण मोजला होता. ताण २८ इंच ओढीवर मोजतात, पण ती ओढ मुठीच्या खोबणीपासून दोरीपर्यंत सव्वासव्वीस इंच, आणि वर पावणेदोन धरायचे. सरळ २८ ओढलं तर आकडा फुगतो. बरोबर धरून काटा ४१ पौंड दाखवत होता. पातं घासलं की ताण उतरतो, त्या पॉलिश पेपरची ही करणी असावी.

“भाई, पंचेचाळीस लिहू की एक्केचाळीस?”

“पयलीं आशिल्लें तशेंच करात.” आधी होतं तसंच करा.

भिंतीवर लावायचं असतं तर मीही विचारलं नसतं. पण त्यांची नात तिरंदाजी शिकतेय आणि हेच धनुष्य चालवणार आहे. ४५ बघून बाण घेतले तर ते या धनुष्याला कडक पडतील, हवे तेवढे वाकणार नाहीत, उजव्या हाताने ओढणाऱ्याचे डावीकडे जातील, आणि पोरगी स्वतःच्या हाताला दोष देत बसेल. दुसरीकडे, ते अक्षर माझं नाही. ज्याने लिहिलं त्याने त्या दिवशी खरं तेच लिहिलं होतं. त्याच्या हातचं ४१ काढणं मला बनावट सहीसारखं वाटत होतं.

मी ४५# लिहिलं, त्याच्याच वळणाने. आतल्या बाजूला बारीक अक्षरात ४१ टाकतो म्हटलं, तेही भाईंना नको होतं, ‘फोटोत दिसतं’. मग बिलाच्या मागे मोजलेला ताण लिहिला आणि बजावलं, नातीच्या सरांना हे दाखवा, बाण घेण्याआधी त्यांना काटा लावू दे. त्यांनी न वाचताच बिल घडी करून खिशात घातलं आणि पैशांत घासाघीस सुरू केली.