बकडन पाइकवरचा क्रूस आणि त्याच्या पायथ्याचा कोल्हा

इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समधल्या बकडन पाइक या डोंगराची उंची ७०२ मीटर. सह्याद्रीत भटकलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथला वारा वेगळा आहे. पठारावर पोचलात की आडोशाला झाड नाही, झुडूप नाही. चुना न वापरता नुसते दगडावर दगड रचून घातलेले लांबच लांब गडगे आणि पायाखाली पाणी धरून बसलेली काळी पीट माती, एवढंच. इथे येणारे बहुतेक जण शिखरासाठी येतात. मी आणि माझा धाकटा भाऊ आलो होतो ते शिखराच्या दक्षिणेला असलेल्या एका स्मारकासाठी.

वाट बकडन गावातून निघते. सुरुवातीचा चढ बकडन रेक नावाच्या जुन्या रस्त्याने. रस्ता रुंद आहे, दमछाक होत नाही आणि डावीकडे व्हार्फ नदीचं खोरं उघडत जातं. थोडं वर गेलं की खाली क्रे नावाची वस्ती दिसते. चार-दोन घरं आणि व्हाइट लायन नावाचं जुनं पब. भावाला म्हटलं, "हे ठिकाण नीट बघून ठेव. वर गेल्यावर पुन्हा याच्याबद्दल बोलायचंय." तो म्हणाला, "दादा, आत्ताच सांग की." पण मला ती गोष्ट त्या जागी उभं राहूनच सांगायची होती.

शिखरावर फार थांबलो नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. तिथून गडग्याच्या कडेने दक्षिणेकडे चालत राहिलं की दगडी क्रूस समोर येतो.

३० जानेवारी १९४२. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. वॉरिकशायरमधल्या ब्रॅमकोटच्या तळावरून एक वेलिंग्टन बॉम्बर, क्रमांक एन २८४८, सरावाच्या उड्डाणासाठी निघालं. ब्रॅमकोटला १८ नंबरचं ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट होतं आणि तिथे पोलिश वैमानिकांना बॉम्बर चालवण्याचं शिक्षण दिलं जाई. विमानातले सहाही जण पोलिश: कुयावा, पोल्चिक, बियेगान्स्की, सादोव्स्की, तोकाझेव्स्की आणि शेपटीकडच्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुकीच्या फिरत्या कोठडीत, बसलेला मागचा गनर युझेफ फुश्न्याक. डोंगरावर बर्फाचं वादळ होतं. त्या काळात ढगात शिरलेल्या विमानाला खालची जमीन दाखवणारं फारसं काही नसे. नेव्हिगेटर वेग, दिशा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन नकाशावर रेघ ओढणार आणि बाकीच्यांनी तिच्यावर भरवसा ठेवायचा. वारा अंदाजापेक्षा वेगळा निघाला तर रेघही चुकणार. वेलिंग्टन या पठारावर आदळलं.

वेलिंग्टनचा सांगाडा बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने आखलेला. धातूच्या पट्ट्या तिरक्या, एकमेकींना छेदत जाणाऱ्या, बुरुडाने दुरडी विणावी तशा. आणि वरून ताणून बसवलेलं कापड. एखादा भाग तुटला तरी उरलेली वीण भार पेलत असे. गोळ्यांनी चाळण झालेली वेलिंग्टन घरी परतल्याच्या हकिकती त्यामुळेच घडल्या. पण पूर्ण वेगात डोंगराला धडकल्यावर कुठली वीण पुरणार? पुढचे लोक त्या धडकेत चिरडले गेले, शेपटी तुटून वेगळी पडली आणि तिच्यातला फुश्न्याक वाचला.

त्याचा पाय मोडला होता. सहकाऱ्यांपैकी एकटा सादोव्स्की जिवंत होता आणि तोही फार वाईट जखमी. फुश्न्याकने जमेल तेवढी त्याची सोय केली आणि मदत आणायला निघाला. निघाला म्हणजे सरपटत. कुठे जायचं हे कळायला मार्ग नव्हता, कारण बर्फाशिवाय काही दिसत नव्हतं. तेवढ्यात त्याला बर्फात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. त्याने विचार केला, की या थंडीत कोल्हा अन्नाच्या शोधात असणार, म्हणजे तो वस्तीकडेच जाणार. त्या ठशांमागून तो खाली उतरत गेला आणि क्रेला पोचला. व्हाइट लायन चालवणाऱ्या पार्कर कुटुंबाने त्याला सांभाळलं. वर मदत पोचेपर्यंत सादोव्स्की गेला होता.

इथवर सांगून झाल्यावर भाऊ गडग्याला टेकून क्रेच्या दिशेला बघत बसला. आम्ही आलो होतो तो उतार धडधाकट पायांनी, दिवसाउजेडी, चांगले बूट घालूनही निसरडा वाटला होता. मोडक्या पायाने, वादळात, वर एक मित्र अजून जिवंत आहे हे डोक्यात घेऊन तो उतार उतरणं काय असेल, याचा विचार तिथे उभं राहून करावा लागतो. घरी वाचून ते कळत नाही.

फुश्न्याकला सहकाऱ्यांसाठी केलेल्या धडपडीबद्दल ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. बरा झाल्यावर तो पुन्हा विमानात बसला. पुढे त्याचं विमान पाडलं गेलं आणि तो जर्मनांचा युद्धकैदी झाला. तिथूनही जिवंत परतला, इंग्लंडमध्येच राहिला आणि १९७३ मध्ये त्याने स्वतः हा क्रूस उभारला. क्रूसाच्या पायथ्याच्या काँक्रीटमध्ये विमानाचे सापडलेले तुकडे बसवले आहेत. त्यांच्याजवळ ब्राँझचं कोल्ह्याचं डोकं आहे. पाटीवर पाच सहकाऱ्यांची आठवण आहे, देवाचे आभार आहेत आणि पार्कर कुटुंबाचेही. युद्धस्मारकं मी बरीच पाहिली आहेत. सरकारने, पलटणीने, गावाने उभारलेली. वाचलेल्या माणसाने मित्रांसाठी उभारलेलं आणि त्यात एका जनावराचेही उपकार फेडणारं दुसरं स्मारक मला माहीत नाही.

सरावात गेलेल्यांना इतिहासात जागा कमी मिळते, ही मला कायम बोचणारी गोष्ट. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बर विमानांच्या शाखेचे, ५५,५७३ लोक युद्धात मेले. त्यातले आठ हजारांहून अधिक अपघातांत गेले आणि यातली बरीच विमानं सरावाची होती. ट्रेनिंग युनिटांना अनेकदा लढाऊ स्क्वाड्रनमध्ये झिजलेली विमानं मिळत. हवामान कुणासाठी थांबत नसे, कारण पुढे माणसं हवी होती. या पोरांनी शत्रूचं एक शहरही पाहिलं नसेल, पण ती युद्धातच मेली.

आणि हे सहा जण तर देशही गमावून आलेले. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. हजारो पोलिश वैमानिक आणि तंत्रज्ञ रुमानिया, हंगेरीमार्गे फ्रान्सला आणि तिथून ब्रिटनला पोचले. त्याच सुमारास पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार झाली. त्यांच्यातली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे आमच्या कोल्हापूरजवळ वळीवडेच्या छावणीत आली. १९४३ ते १९४८ ही त्यांची वळीवडेची वर्षं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. लहानपणी तिथे खेळताना त्या खांबाकडे आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. छावणीतल्या कितीतरी घरांतले बाप, भाऊ, नवरे तेव्हा कुठल्या ना कुठल्या आघाडीवर पोलिश गणवेशात होते. बकडन पाइकवर भावाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "वळीवडे" हाच.

मेलेले पाचही जण नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूअर्कला पुरले आहेत. तिथे सुमारे चारशे पोलिश वैमानिकांच्या कबरी आहेत. पोलंडच्या परागंदा सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की १९४३ मध्ये विमान अपघातात गेले, तेही इथेच होते. १९९३ मध्ये त्यांचे अवशेष क्राकूवला नेले. लंडनहून लीड्सकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या न्यूअर्कला थांबतात आणि लंडन रोडवरची ती दफनभूमी स्टेशनपासून चालत जाण्याजोगी आहे.

बकडन पाइकला जाणार असाल तर गावातल्या वाहनतळावर गाडी लावा, घोट्यापर्यंतचे बूट घाला आणि ढग खाली उतरलेले असतील तर पठारावर जाऊ नका. पीटमध्ये धातूचा एखादा तुकडा दिसला तर तो तिथेच राहू द्या. ब्रिटनच्या १९८६ च्या कायद्याप्रमाणे लष्करी विमानाच्या अवशेषांना परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे. उतरताना वेळ काढून क्रेकडे वळा.