देवगड ते रत्नागिरी रिमोट डेस्कटॉप: काळा पडदा अखेर सापडला

घरच्या लॅबची पुढची नोंद. नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. रत्नागिरीत माझ्याकडे एक जुना छोटा ऑफिस पीसी आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स (एका पीसीवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली), त्यात डेबियन १२ या लिनक्सची व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, तिच्यावर ग्नोम डेस्कटॉप आणि बाहेरून आत यायला एक्सआरडीपी, म्हणजे लिनक्सवरचा रिमोट डेस्कटॉप सर्व्हर. देवगडहून काका आपल्या विंडोज लॅपटॉपवरून, विंडोजमधल्याच रिमोट डेस्कटॉपने, या व्हीएममध्ये शिरतात आणि हापूसच्या पेट्यांचा हिशोब ठेवतात. माझं इंटरनेट सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देते, त्यामुळे बाहेरून थेट माझ्या घरापर्यंत पोचता येत नाही. म्हणून मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतलाय. काकांचा लॅपटॉप आणि माझी व्हीएम दोघंही वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी बोगद्याने (व्हीपीएन), त्याला जोडलेले.

तक्रार एकच होती: मधेच बंद पडतं. पण "बंद पडतं" एवढ्यावर काही निदान होत नाही. काकांना मी प्रत्येक वेळी विचारत गेलो, नक्की काय दिसतं आणि त्या आधी तुम्ही काय करत होता? त्या उत्तरांतून तीन वेगळी दुखणी बाहेर आली. बाहेरून मात्र तिन्ही अगदी सारखी दिसत होती.

पहिलं लवकर सुटलं. सकाळी काकांनी जोडायचा प्रयत्न केला की व्हीएम उत्तरच द्यायची नाही, पिंगलाही (मशीन जागं आहे का हे विचारणारी छोटी हाक) नाही. ग्नोमची मूळ सेटिंग अशी की २० मिनिटं कोणी काही केलं नाही तर मशीन सस्पेंड करायचं, म्हणजे झोपवायचं. लॅपटॉपला ठीक आहे, पण व्हीएमला झोपवून कोणाचं भलं होणार? लॉगिन स्क्रीनवर कोणी बसलेलं नसलं तरी ते घड्याळ चालूच असतं, म्हणून युजरच्या सेटिंगमध्ये बदल करून भागत नाही. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची स्लीप, सस्पेंड आणि हायबरनेट ही टार्गेट सरळ मास्क केली, म्हणजे पूर्ण बंद केली. विषय संपला.

दुसरं दुखणं असं: हिशोब उघडा ठेवून काका आंबा काढायला गेले, परत आले की चित्र गोठलेलं. वायरगार्ड यूडीपी पद्धतीने पाकिटं (डेटाचे छोटे गठ्ठे) पाठवतं, आणि नॅट करणारा, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल करणारा राउटर त्या जोडणीची नोंद फार वेळ धरून ठेवत नाही. लिनक्समध्ये मूळ मर्यादा एकतर्फी पाकिटांना ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असेल तर १२० सेकंद. वायरगार्डमध्ये यावर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद, म्हणजे वाट उघडी राहावी म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवणं, हा सर्वमान्य उपाय आहे, पण तो कुठल्या टोकाला लावायचा हे नीट समजून घ्या. काकांनी माउस हलवला की त्यांच्याकडून पाकीट निघतं आणि त्यांची वाट आपोआप पुन्हा उघडते. बंद झालेली वाट असते रत्नागिरीच्या बाजूची, कारण तिथली व्हीएम आपणहून काही बोलत नाही. मुंबईचा सर्व्हर पाकीट पाठवतो आणि ते सीजीनॅटच्या दारात पडतं. तेव्हा कीपअलाइव्ह व्हीएमच्या बाजूला हवाच. लॅपटॉपवर असला तर चांगलं, पण नुसता तिथे लावून हे दुखणं जात नाही.

आता तिसरं, ज्यासाठी ही नोंद लिहायला बसलो. रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडते, वर नाव येतं, आत पूर्ण काळं. माउसचा बाण मात्र छान फिरतो (तो लॅपटॉपच काढत असतो, त्यावरून काही ठरवू नका). थोड्या वेळाने कनेक्शन तुटल्याचा निरोप. पुन्हा जोडलं तर कधी चालतं, कधी नाही.

एक्सआरडीपीमध्ये काळ्या पडद्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे तोच युजर व्हीएमच्या कन्सोलवर आधीच लॉगिन असणं. ते आधी तपासलं. कन्सोलवर कोणी नव्हतं आणि सेसमॅनच्या (एक्सआरडीपीचा सेशन सुरू करणारा भाग) लॉगमध्ये सेशन नीट सुरू झालेलं दिसत होतं. म्हणजे व्हीएमच्या आत चित्र तयार होत होतं, काकांपर्यंत पोचत नव्हतं.

खरा धागा काकांनीच दिला. फोनवर म्हणाले, "अरे, लाइट गेली की ता काळा पडता." लाइट गेली की त्यांचा फायबरचा राउटर बंद होतो आणि ते लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतात. फायबरवर कधीच काळं नाही, हॉटस्पॉटवर नेहमी.

मग पिंगची चाचणी केली. काकांच्या लॅपटॉपवरून वायरगार्डच्या बोगद्यातून व्हीएमला, "तुकडे करू नको" हा पर्याय लावून, आकार वाढवत नेला. १२०० बाइटचं जातं. १३०० जातं. त्याच्या पुढे शांतता, चूक झाल्याचा निरोपसुद्धा नाही. वायरगार्ड साधारणपणे १४२० चा एमटीयू (एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, बाइटमध्ये) धरून चालतं. आयपीव्ही४ (इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत) वर त्याचं स्वतःचं वेष्टण ६० बाइटचं, आयपीव्ही६ (नवी पद्धत) वर ८० बाइटचं. म्हणजे बाहेर पडणारं पाकीट १४८० किंवा १५०० चं. फायबरवर ते मावतं, या मोबाइलच्या वाटेवर १४०० च्या पुढे काही जात नाही. करूळ घाटातून दुचाकी सुटते आणि कंटेनर वळणावर अडकतो, तसा प्रकार. जोडणीची आणि पासवर्डची पाकिटं लहान, ती पार होतात. डेस्कटॉपचं चित्र भरून निघालेलं पाकीट मोठं, ते वाटेत मरतं. एक्सआरडीपीचं सगळं बोलणं ३३८९ या पोर्टवर टीसीपीने चालतं, आणि पोच मिळाली नाही की टीसीपी तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतं.

तिन्ही टोकांना वायरगार्डचा एमटीयू १३२० केला. आयपीव्ही६ चं ८० बाइटचं वेष्टण धरूनही बरोबर १४०० होतात. वेगात फरक जाणवत नाही. काकांना फायबरची वायर काढून हॉटस्पॉटवर जोडायला सांगितलं, आणि ग्नोमचा डेस्कटॉप पहिल्या झटक्यात आला. त्यांनी लगेच वाशीला गेलेल्या पेट्यांची पट्टी टिपायला घेतली, माझ्याशी पुढे बोललेच नाहीत.

अशा तक्रारीवर रंग कमी करा, वॉलपेपर काढा असे सल्ले सर्रास मिळतात. त्याने चित्र हलकं होतं, एखादवेळी निभावतंही, पण मूळ दुखणं तसंच राहतं. माझं मत, आधी पिंगने आकार मोजा.

आता उरलंय ते काकांच्या फायबरच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस (लाइट गेली तरी चालू ठेवणारी बॅटरी) लावणं. पावसाळ्याआधी देवगडला जाऊन तो बसवणार आहे. आणि व्हीएमचा रोजचा बॅकअप प्रॉक्समॉक्समधून दुसऱ्या डिस्कवर जातोय की नाही, तेही एकदा व्हीएम परत उभी करून बघायचंय.