ग्रँट मंजूर, तरी फी अडकलेलीच: माझा अनुभव

मी सॅन होजेला राहते आणि जवळच्या हायस्कूलमध्ये बारावीच्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करते. यंदा त्यात ग्वाटेमालाहून लहानपणी आलेली, इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेली एक मुलगी होती. तिला फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरून मदत मिळत नाही. कॅलिफोर्नियात त्याऐवजी ड्रीम ॲक्टचा अर्ज असतो. तो मुदतीत भरला, राज्याची मदत, म्हणजे कॅल ग्रँटही मंजूर झाली.

आणि मग बिल आलं. परराज्यातल्या विद्यार्थ्याची फी, नेहमीच्या दुपटीहून जास्त! फी विभागात गेलो तर खिडकीतून एकच उत्तर, "व्हिसाची प्रत आणा." त्यांच्या सिस्टिममध्ये तिची नोंद 'इंटरनॅशनल' अशी झाली होती. मी २००१चा एबी ५४० कायदा सांगितला: कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल करून तिथूनच पास झालेल्याला ही जास्तीची फी लागत नाही, व्हिसाचा संबंधच नाही. त्यांनी आर्थिक मदत विभागाकडे पाठवलं. ते म्हणाले, आधी रहिवासाचं ठरू दे, मग ग्रँट जमा करू. परत खिडकी. पोरगी फाईल छातीशी धरून उभी, आणि फी भरायची मुदत संपली की वर्गातली जागा जाणार. अजून आठवलं तरी माझं डोकं तापतं.

सुटलं ते ड्रीमर लिएझनमुळे, म्हणजे कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी कॉलेजने नेमलेल्या व्यक्तीमुळे. कम्युनिटी कॉलेजं आणि कॅल स्टेट विद्यापीठांमध्ये अशी व्यक्ती नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. खिडकीवर हुज्जत घालू नका, थेट त्यांना ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. त्यांनी लिहिल्यावर नोंद बदलली, बिल दुरुस्त झालं. इतका आनंद मला स्वतःच्या मुलाच्या ॲडमिशनला झाला नव्हता.

ही सूट मिळवायला एबी ५४०चं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, त्यात 'पात्र होताच कायदेशीर दर्जासाठी अर्ज करीन' असं वाक्य असतं. ते वाचून तिची आई सहीच करू देईना. अशा वेळी घाई करू नका, वकिलाशी बोलून घ्या. बऱ्याच कॉलेजांत इमिग्रेशनचा सल्ला मोफत मिळतो. 'नोतारियो' (स्पॅनिशमध्ये नोटरी) अशा पाटीला मात्र भुलू नका, अमेरिकेत नोटरी म्हणजे वकील नव्हे. वकिलाकडे अठरा पूर्ण व्हायच्या आतच जायला हवं. बेकायदा वास्तव्याचे दिवस अठराव्या वाढदिवसापासून मोजले जातात आणि १८० दिवसांपुढे ते फार महागात पडतात.

आपल्याकडे काही जण म्हणतात, हा आपला प्रश्न नाही. पण एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने, आलेल्या आपल्या मुलांचा दर्जाही २१व्या वर्षी संपतो, ग्रीनकार्डची रांग सरकलेली असो वा नसो.

हो, आणि हायस्कूलचं अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, कॉलेजला लगेच पाठवा. त्याशिवाय प्रतिज्ञापत्र पुढे सरकत नाही, आणि सुट्टी लागली की शाळेत फोन उचलायला कोणी नसतं.