दोन रकाने

सिडको, नाशिक
रविवार, रात्री

विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या की आपल्या कारखान्याचे काय होणार, हा प्रश्न हल्ली जेवणाच्या सुट्टीत कोणी ना कोणी काढतोच, आणि दर वेळी चर्चा "जे सगळ्यांचे होईल ते आपले" या वाक्यावर येऊन थांबते. मला या वाक्यात धीरापेक्षा टाळाटाळच अधिक दिसते. रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते आणि म्हातारपण यांना सोबत घेऊन परत येतो, आणि मग कशाची काळजी नेमकी किती करायची हेच कळेनासे होते.

म्हणून आज दुपारी वहीत दोन रकाने आखले. इंजिन गेले की ज्यांची गरज संपेल असे आमच्याकडचे सुटे भाग पहिल्यात लिहिले, आणि गाडी डिझेलवर चालो वा बॅटरीवर, जे लागणारच आहेत ते दुसऱ्यात. अंबड-सातपूरच्या अनेक लहान कारखान्यांचे पोट इंजिनाच्या कामावर भरत आले आहे. मायको सर्कलचे नावच मुळी डिझेल इंजेक्शनची सामग्री बनवणाऱ्या कंपनीवरून पडले. त्यामुळे व्हॉल्व्ह गाइड आणि इंजेक्टरच्या भागांनी पहिला रकाना भराभर भरला, याचे नवल वाटले नाही. परंतु ब्रेकच्या पिना, सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंगचे जोड असे करत दुसराही पानाच्या तळाशी पोहोचला. एप्रिल 2020 मध्ये गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर जावे लागले, त्या वेळीही आमच्याकडे अशीच कुजबुज होती. प्रत्यक्षात काम राहिले, फक्त मापांचा टॉलरन्स, म्हणजे चालवून घेतला जाणारा फरक, कडक झाला आणि तपासणीचा ताण वाढला.

तपासणी हेच माझे काम आहे, तेही बहुतेक व्हर्निअर आणि मायक्रोमीटरवर. भागांची मापे संगणकाच्या मदतीने घेणारे नवे सीएमएम मशीन मात्र दोन तरुण मुलेच चालवतात. त्यांच्यापैकी एकाला संध्याकाळी फोन केला. "काका, सेकंड शिफ्टला थांबत जा, प्रोग्रॅम लावताना दाखवतो," असे तो सहज म्हणाला. उद्यापासून थांबणार आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी पोरांच्या हाताखाली शिकण्याचा संकोच वाटतो खरा, पण तो रात्रीच्या त्या घालमेलीपेक्षा पुष्कळ हलका आहे.

म्हातारपणाचा हिशेब इतका सोपा निघाला नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनचे सूत्र आजच्या नियमाप्रमाणे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले 70 असे आहे, आणि त्या पगाराला 15 हजारांची मर्यादा आहे. म्हणजे पूर्ण 35 वर्षे सेवा धरली तरी महिना साडेसात हजारच होतात, आणि माझी तेवढी भरणारही नाहीत. हिने तो आकडा पाहून लगेच किराणा, वीजबिल आणि औषधांचा महिन्याचा खर्च शेजारी लिहिला. तूट मोठी आहे, पण निदान किती आहे ते आता ठाऊक झाले.

हिचे म्हणणे, पीपीएफचे (सरकारी दीर्घ मुदतीच्या बचतीचे) खाते याच आठवड्यात उघडावे, कारण त्याची मुदत 15 वर्षांची असल्याने उशीर केला तर पैसे हाती येईपर्यंत साठी बरीच मागे पडलेली असेल. माझे मत, आधी गृहकर्ज जास्तीचे पैसे भरून कमी करावे. यावर अजून आमचे एकमत झालेले नाही. कर्जाचा व्याजदर बँकेत विचारून मगच ठरवायचे, एवढे मात्र ठरले आहे.