बाबा पुढे, मी मागे: दुचाकीवरून श्रीवर्धन ते रत्नागिरी

बाबा निवृत्त झाल्यापासून कोकण किनारा गाडीवरून करायचं आमच्या घरात चाललं होतं. या डिसेंबरात जमलं. त्यांची जुनी बुलेट, माझी हिमालयन. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव करत श्रीवर्धन (साधारण १६० किमी) आणि तिथून किनारा धरून रत्नागिरी. आईला किंवा वडिलांना घेऊन पहिल्यांदाच लांब निघणार असाल, तर मी हाच रस्ता सुचवेन. त्याचं मुख्य कारण म्हणजे वाटेतल्या फेरीबोटी.

साठी ओलांडलेला माणूस "दमलो, थांबूया" असं स्वतःहून म्हणत नाही, निदान माझे बाबा तरी नाही. महामार्गावर मग शंभर-शंभर किलोमीटर तसेच निघून जातात. इथे मात्र खाडी आडवी येते आणि थांबावंच लागतं. बागमांडला-वेसवीला सावित्री, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळ-जयगडला शास्त्री. बोट येईपर्यंत हेल्मेट काढून चहा होतो, पाय मोकळे होतात, गोळी घ्यायची आठवण राहते. शिवाय चिपळूणकडून घालावा लागणारा मोठा वळसा दाभोळच्या बोटीने वाचतो.

बोटीवर गाडी चढवताना जपा. ओहोटीला जेटीचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि बोटीची लोखंडी फळी ओली असते. पहिला गिअर, गाडी सरळ, फक्त मागचा ब्रेक आणि फळीवर अजिबात थांबायचं नाही. बुलेट वजनदार, म्हणून बाबांना मी म्हटलं, "मी चढवू का?" ते म्हणाले, "तू फक्त मागे कोणाला येऊ देऊ नकोस." तेच बरोबर होतं. पुढचा नीट आत गेल्याशिवाय दुसऱ्याने फळीवर यायचंच नाही. आत गेल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावा. सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी गावात विचारून घ्या. शनिवार-रविवारी चारचाकींची रांग लांब असते, पण दुचाकीला सहसा जागा मिळते.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: वडीलधाऱ्यांना पुढे ठेवा. वेग त्यांचा राहतो आणि आपल्याला मागून सगळं दिसतं. थकवा बोलण्याआधी गाडीत दिसतो. वळणावर गाडी नेहमीपेक्षा बाहेर जायला लागते, थांबताना पाय लवकर खाली येतो. असं दिसलं की मी दोनदा हॉर्न द्यायचा आणि पुढच्या सावलीत थांबायचं, हे आधीच ठरलं होतं. दिवसाला शंभरेक किलोमीटर पुष्कळ झाले. रस्ते अरुंद, जांभ्याची बारीक खडी वळणावर पसरलेली, त्यात समोरून एसटी. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचाच.

केळशी ओलांडल्यावर माझं मागचं चाक पंक्चर झालं. दोन्ही गाड्यांना स्पोकची चाकं, म्हणजे ट्यूब आलीच. बाबांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, रस्त्यावर रुमाल पसरला आणि नट, वॉशर, स्पेसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवले. टायरलिव्हर (टायर रिमवर चढवायची लोखंडी पट्टी) मारताना ट्यूब चिमटू नये म्हणून आत आधी थोडी हवा भरली. मी ते चाक पूर्वी कधी खोललं नव्हतं. परत बसवलं मात्र मी, ते शेजारी उभे राहून फक्त बघत होते. दोन गाड्यांच्या चाकांची मापं वेगळी असतात, तेव्हा ट्यूबही वेगवेगळ्या घ्या. हातपंप आणि आपल्या ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मापाचा पाना लागतोच. गावांमध्ये पंक्चरवाले आहेत, पण दुपारी दुकान उघडं असेलच असं नाही.

मुक्कामासाठी मला हर्णै आणि गुहागर आवडली. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. गाडी वरच लावा, खाली वाळू आणि माशांचं पाणी. घरगुती जेवण हवं असेल तर दुपारीच फोन करून सांगा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. गुहागरहून हेदवीला गेलात तर बामणघळ, म्हणजे लाटेचं पाणी उंच उसळतं ती खडकातली अरुंद घळ, भरतीच्या वेळी बघा, पण खडकांवर पाठ समुद्राकडे करून उभं राहू नका. गणपतीपुळ्यापुढे आरे-वारेचा चढ येतो. तिथे सगळेच फोटोला थांबतात, म्हणून वळणावर न थांबता वर मोकळ्या जागेत थांबा.

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे भरत जा, टाकी अर्ध्यावर येऊ देऊ नका. आम्ही परतताना आंबा घाटातून कोल्हापूरला आलो. घाट सकाळीच चढा. आणि घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन्ही गाड्या गोड्या पाण्याने धुवा, स्पोक कोरडे पुसा, चेनला तेल द्या. खारी हवा आठवड्याभरात गंज धरवते.