ओव्हरफ्लो बॉक्समध्ये अडकलेला फायरफिश: माझा अनुभव

ज्या खाऱ्या पाण्याच्या टँकखाली संप (पाणी गाळण्याची दुसरी टाकी) असतो, त्यातला एखादा मासा दिसेनासा झाला, की आपण आधी दगडांच्या फटी धुंडाळतो, मग टँकभोवतीची जमीन. माझा फायरफिश दोन्हीकडे नव्हता. खाणं टाकल्यावर बाकीचे सगळे पुढे आले, हा काही आला नाही. शेवटी ओव्हरफ्लो बॉक्समध्ये, म्हणजे टँकचं वरचं पाणी जिथून पाइपाने संपमध्ये उतरतं त्या खोक्यात, वरून टॉर्च मारला. खाली, उभ्या पाइपाच्या मागे, त्याचं पांढरं तोंड आणि शेपटीकडे लाल होत गेलेलं अंग दिसलं. पाठीवरचा लांब पर तो सारखा वरखाली करत होता. जिवंत बघून जीव भांड्यात पडला.

फायरफिश मोठा झाला तरी जेमतेम 8-9 सेंटीमीटरचा, अंगाने बारीक, स्वभावाने भित्रा. घाबरला की दिसेल त्या फटीत शिरतो किंवा सरळ वर उडी मारतो. आमच्या टँकमधला सिक्सलाइन रास नावाचा दुसरा मासा त्याच्या मागे लागत होता, तेव्हा तो पळता पळता बॉक्सच्या कडेवरून आत पडला असणार. दिवे एकदम बंद झाल्यावरही असे मासे उडी मारतात.

अशा वेळी हात शिवशिवतात, पहिली जाळी मिळेल ती आत घालावीशी वाटते. पण त्या अरुंद, खोल खोक्यात मधोमध पाइप असतो. जाळी एका बाजूने गेली की मासा दुसऱ्या बाजूने निसटतो. दमतो, पाइपावर आपटतो, पर फाटतात. आणि घाई करायचं कारणच नसतं. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमध्ये परत ढकलणारा) चालू आहे तोवर बॉक्समधून सतत पाणी वाहतं, म्हणजे प्राणवायू मिळतो, आणि टँकमध्ये टाकलेलं थोडं खाणंही कडेवरून आत येतं. काही मासे तिथे कितीतरी दिवस तग धरून राहतात. धोका असतो तो ड्रेनच्या, म्हणजे पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या, तोंडाचा. माझ्या पाइपावर गाळणी होती, ती घट्ट बसली आहे ना हे चाचपून घेतलं. रात्री बॉक्सच्या कडेच्या दातांजवळ (पाणी आत येण्याच्या खाचांजवळ) गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) थोडं सोडलं, ते वाहत आत गेलं आणि त्याने त्यातलं टिपलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मग काम सकाळवर ठेवलं.

सकाळी आधी संपमधला स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) बंद केला, कारण पंप थांबला की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, पातळी चढते आणि स्किमरचा कप भरून वाहू लागतो. ऑटो टॉप-ऑफही (वाफ होऊन घटलेल्या पाण्याची भर आपोआप घालणारं यंत्र) बंद केला. त्यानंतर रिटर्न पंप. टँकचं पाणी दातांच्या खालच्या कडेपर्यंत उतरून थांबलं. बॉक्स मात्र जवळजवळ भरलेलाच राहिला. डर्सो पद्धतीच्या पाइपाचं तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे असं होणारच. इथे पुष्कळांना वाटतं की पाइप उपटला की झालं. तसं अजिबात करू नये! बॉक्समधलं सगळं पाणी एका दमात खाली जातं, संप भरून वाहू शकतो आणि मासाही भोकातून खेचला जातो.

मी बोटाएवढ्या जाडीची नळी घेतली, बॉक्समधल्या टोकाला स्पंजचा तुकडा बांधला आणि सायफन लावून पाणी स्वच्छ बादलीत काढायला सुरुवात केली. वाहतं पाणी थांबलेलं असल्यामुळे बॉक्समध्ये एअर स्टोनही (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला. माझ्या मते सगळ्या खटाटोपातली खरी युक्ती हीच: जाळी खाली न्यायची नाही, पाणी खाली आणायचं. पातळी उतरत गेली तसा मासाही खाली सरकत गेला, आणि वीतभर पाणी उरलं तेव्हा मी सायफन थांबवला.

तोवर तळाचा गाळ उठला होता आणि काही दिसेना. तो बसेपर्यंत थांबावंच लागतं. पाणी निवळल्यावर एका कोपऱ्यात लांब दांड्याचं छोटं पारदर्शक प्लॅस्टिकचं भांडं आडवं टेकवून स्थिर धरलं आणि दुसऱ्या हाताने बारीक जाळी पाइपामागून अगदी सावकाश पुढे आणली. मासा जाळीपासून मागे मागे सरकला. काच त्याला दिसत नाही तसं पारदर्शक प्लॅस्टिकही दिसत नाही, म्हणून तो शेपटीकडून भांड्यात शिरला. मी भांडं उभं करून पाण्यासकट वर उचललं. कल्ल्यांचा वेग जरा वाढलेला होता, एका पराची कड फाटली होती, एवढंच. फाटलेला पर भरून येतो. जाळीत धरला असता तर आणखी गुंतून फाटला असता, म्हणून शेवटची उचल भांड्यानेच करावी असं मला ठामपणे वाटतं.

त्याला थेट मोकळा सोडला नाही. रास तिथेच होता. भोकं पाडलेला पारदर्शक डबा टँकमध्ये अडकवून त्यात मासा ठेवला, दिवे मंद केले. रासने डब्यावर धडका मारणं सोडल्यावरच डबा उघडला.

बादलीतलं पाणी बॉक्समध्ये परत ओतलं, मग रिटर्न पंप, स्किमर आणि सगळ्यात शेवटी टॉप-ऑफ. हा क्रम चुकवू नये. पाणी बाहेर असताना टॉप-ऑफ चालू झाला तर तो कमी झालेलं पाणी गोड्या पाण्याने भरून काढतो आणि क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) घसरते.

बॉक्सवर आता 6 मिलिमीटर भोकांच्या पारदर्शक जाळीचं झाकण आहे आणि दातांच्या आतल्या बाजूलाही तीच जाळी बसवली आहे. दातांच्या जाळीवर शेवाळ धरलं की पाण्याची वाट अडते आणि टँकची पातळी चढते, म्हणून दर आठवड्याला ती ब्रशने घासते. खाणं टाकताना मासे मोजते आणि एखादा कमी भरला, तर टॉर्च आधी बॉक्सकडे वळतो.